ठकीच्या गळ्यातली साखळी

आवं, तुमच्या ठकीला बांधलं होतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत. हे आधी सांगते, माझं रडगाणं मागनं. माझं ऐकून तुम्ही ताटावरनं कधी उठला नाहीत, ठकीचं ऐकून उठला असता, म्हणून तिचं आधी.

दोरी नव्हे, म्हाताऱ्या कुत्रीच्या गळ्यात बैलाची जुनी साखळी. आण्णांनी माळ्यावरनं काढून आणली. त्यांच्यावर रागावू नका. थोरला भाऊ असून धाकट्याला खांदा द्यायची पाळी आली त्यांच्यावर. आणि त्या दिवशी माणसं तरी किती लोटली. कुंडलातली तुमची भावकी, आष्ट्याहून माझं माहेर, तुमच्या पलटणीतली म्हातारी मंडळी. भिंगरीला एवढी माणसं कुठली ठाऊक? उसाच्या पाचटात सापडलेलं पिल्लू ते. एकीच्या पायात शिरली, दुसरीचा पदर ओढला आणि वन्संच्या घोट्याला तिचा दात लागला. रक्त आलं नाही. पण तुमच्या बहिणीनं जो हंबरडा फोडला तो तुमच्यासाठी होता का घोट्यासाठी, हे कुणाला कळलं नाही.

तेवढ्यावर आण्णा म्हणाले, "समदी कुत्री बांधा. पावणं येनार, कुनाला चावलं म्हंजी?"

मी ओरडून सांगणार होते, की ठकीला जन्मात कुणी बांधलेलं नाही. पण माझ्या भोवती बाया होत्या आणि तुम्हाला अंगणात आंघोळ घालत होते. कुत्र्याचं कुठं बोलू? आपल्या सरदार कुत्र्यानं दोर तोडला आणि खालच्या वस्तीवर जाऊन बसला, मानाच्या पाहुण्यागत. भिंगरी दोरीला झोंबत राहिली. ठकीनं मात्र ओढ घेतली नाही की आवाज काढला नाही. साखळी गळ्यात पडली तशी खाली बसली आणि तुम्ही ज्या वाटेनं गेलात तिकडं बघत राहिली.

मलाही बांधलंच म्हणा. मधल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून. येईल ती बाई गळ्यात पडायची, रडायची, डोळे पुसायची आणि विचारायची, "काय खाल्लंस का गं?" एवढाच एक प्रश्न. बाकी सगळं माझ्याविषयी बोलायचे, माझ्या देखत, पण मला सोडून. सुमन आता एकटी कशी राहणार. सुमनला वस्तीवर ठेवणं बरं नव्हं. मी जणू कणगी, हितनं उचलून तिथं ठेवायची.

त्या खोलीला मागच्या अंगाला खिडकी आहे, तुम्हीच पाडून घेतलेली. त्यातनं गोठा दिसतो, गव्हाण दिसते आणि मग ऊस. या दिवसांत ऊस डोक्यावर गेलेला. चारी बाजूंनी तोच, रस्ता ऐकू येतो पण दिसत नाही. इतकी वर्षं मला तो कधी जाचला नव्हता. तुम्ही असताना तो आपला ऊस होता. आता खिडकीतनं बघितलं की वाटायचं, ह्यातनं बाहेर पडायची वाट कुणीतरी बुजवून टाकलीय.

गव्हाणीच्या खुंट्याला भिंगरी बांधलेली मला दिसायची. ठकी गोठ्याच्या भिंतीपलीकडं, कडुलिंबाला. भिंगरी दिवसभर भुंकायची. माणूस आलं की भुंक, भांडं वाजलं की भुंक, कोंबडी दिसली की दोरीला हिसके. गळा सोलवटला होता तिचा.

तुम्ही ती आणलीत तो दिवस आठवतो का? ऊसतोडीची टोळी गाड्या भरून गेली आणि मागं राहिलं हे. तुमच्या जर्किनच्या खिशातनं नुसतं नाक बाहेर. मी म्हटलं, "आधीचीच दोन काय कमी हायत? घराची पांजरपोळ करा." तुम्ही पिल्लू ठकीपुढं ठेवलंत आणि पाट ओढून बसलात. पिल्लू तडक ठकीच्या थाळीत. ठकी गुरगुरली, पिल्लाला ते भाषण कळलं नाही. मग तिनं त्याचं अख्खं तोंड आपल्या जबड्यात धरलं आणि जमिनीला टेकवलं. पिल्लू असं केकाटलं की मी कालथा घेऊन धावले. तुम्ही पाटावरनं न उठता माझा पदर धरलात.

"मधी पडू नगंस."

"आवं, मारंल की ती त्याला. लहान लेकराला असं कोन करतं व्हय?"

"दात लागलाय का बघ."

मी पिल्लू उचललं, पालथं-उलथं करून बघितलं. ओरखडा नव्हता. नुसती लाळ.

"तिला लागलं न्हाई," तुम्ही म्हणालात. "तिला कळलंय."

मला काही ते पटलं नाही. दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पण पिल्लू पुन्हा त्या थाळीत गेलं नाही, हे काय मी बघितलं नव्हतं? ठकीचं खाऊन होईपर्यंत ते चार हात लांब बसायचं, शेपूट हलवत, आणि ठकी उठली की जाऊन थाळी चाटायचं.

मग कोंबड्यांचं झालं. भिंगरी कोंबड्यांमागं सुटली की मी काठी शोधायची. ठकी नुसती उठायची, चालत जायची आणि मधी आडवी उभी राहायची. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही, भिंगरीकडं बघणंसुद्धा नाही. पोरगी डावीकडनं निघाली की ही एक पाऊल डावीकडं. उजवीकडनं निघाली की उजवीकडं. शेवटी भिंगरी कंटाळून बसली की ठकी जांभई देऊन तिथंच आडवी. तुम्ही चहाचा कप हातात धरून हे बघायचात, कुंडलच्या मैदानात कुस्ती बघावी तसं. चहा गार व्हायचा. मी म्हणायची, प्या तरी.

सरदार तिला खेळवायचा. तिचा चावा जोरात झाला की तो खेळ सोडून पाठ फिरवायचा आणि भिंगरी त्याच्या मागनं तोंड पाडून हिंडायची. पुढच्या खेपेला दात आपोआप हलका.

आपलं खरं भांडण शिकवण्यावरनं. मी म्हणायची, "आवं, पलटणीत एवढी कुत्री शिकिवली. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची, सायबाच्या हातनं शाबासकी घ्यायची. आन् घरच्या पिल्लाला एक हुकूम शिकवाय येत न्हाई तुमास्नी?"

तुम्ही म्हणालात, "तिथं पिल्लाला आई नसती, म्हातारं कुत्रं नसतं. म्हनून मानूस लागतो. हितं ठकी हाय. माझं काय काम?"

"तुमचं कुटंच काय काम नसतं," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिलाच. आता एकटी भांडतेय तर दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात, आणि तुमची बाजू बोलताना मला काही जमत नाही, कारण तुम्ही बोलायचाच नाहीत.

दहाव्याला माणसं नदीवर गेली. परत आल्यावर आपल्या पोरानं, प्रशांतनं सांगितलं, पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. बाया म्हणाल्या, सुखानं गेला हो, काही इच्छा राहिली नाही. मला असला राग आला तुमचा. आयुष्यभर कुणाला ताटकळत ठेवलं नाहीत, इथं तरी ठेवायचं होतं. लोकांच्या पिंडाला कावळा शिवत नाही, मग भाऊ म्हणतो जमीन विकणार नाही, पोरगा म्हणतो आईला संभाळतो. तुम्ही जरा वेळ दम धरला असता तर कुणीतरी म्हटलं असतं, कुत्री संभाळू, सुमनला तिच्या मनासारखं राहू देऊ. पण छे. तुम्हाला घाई. मला इथं कोपऱ्यात सोडून कावळ्याला हो म्हणून मोकळे.

त्याच सांजेला सोप्यात बोलणं चाललेलं मला ऐकू आलं. प्रशांत म्हणत होता, "तेरावं झालं की आईला मी घेऊन जातो. दुकानाच्या वरच खोली आहे, ती सरावेल तिथं." तमिळ मुलखात त्याचं गलाईचं दुकान, खाली दिवसभर सोनं वितळणार आणि वर मी, खिडकीतनं न कळणारी भाषा ऐकत. पोरगा वाईट नाही. रात्री माझ्या पायाशी झोपतो, लहानपणासारखा. पण त्यानं निम्मं आयुष्य त्या गल्लीत काढलंय, त्याला वाटतं सगळ्यांनाच तिथं श्वास घेता येतो.

आण्णा म्हणाले, "कुत्र्यांचं काय? ते पिल्लू तर पिसाळल्यागत करतंय. तेराव्याला भांडी घिऊन पिकअप येनार हाय, जाताना तिन्ही घालून घाटात सोडून यीऊ."

"ठकीला पण?" प्रशांतनं विचारलं.

"म्हातारीला कोन बघनार मागं?"

मी भिंतीला टेकून बसले होते. उठून सोप्यात जावं, चार शब्द सुनवावेत असं लय वाटलं. आष्ट्याची आहे मी, माझ्या तोंडाला कोण लागतं? पण बोलून काय सांगणार? भिंगरी बाहेर खरोखरच पिसाळल्यासारखी भुंकत होती. तिच्या त्या प्रत्येक भुंकण्यानं आण्णांचं म्हणणं खरं होत होतं. एकटी बाई, तीन कुत्री, त्यातलं एक असलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच ठरवलं असतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसले होते. रस्त्यावरनं मोटरसायकल वळल्याचा आवाज आला. भिंगरीनं कान टवकारले आणि भुंकण्याआधी, आवं, ती वळली. रस्त्याकडं नाही, गोठ्याच्या भिंतीकडं. ठकी होती त्या बाजूला. क्षणभर तशीच बघत राहिली. भिंत दिसली. मग सुटली भुंकत.

मला वाटलं भास झाला. पण त्यानंतर वन्संचे दीर आले, दूधवाला आला, कुणाची तरी रिक्षा आली. दर वेळी तेच. आधी भिंतीकडं, मग भुंकणं.

मग मला तुमचं ते दाखवणं आठवलं. वैशाखात, अंगणात. तुम्ही म्हणाला होता, "गाडी आली की भिंगरी कुटं बघती बघ." ती गाडीकडं बघायचीच नाही. ठकीच्या तोंडाकडं बघायची. ठकी एक डोळा उघडायची, आलेला माणूस ओळखीचा बघून पुन्हा मिटायची. की भिंगरी पण खाली बसायची. ठकी उठली तरच ही उठणार. तेव्हा मी म्हटलं होतं, "बरं बरं, मला धुणं हाय." आणि गेले.

पिल्लू पिसाळलं नव्हतं. ते विचारत होतं, भ्यायचं का नाही, आणि उत्तर देणारीला आपण भिंतीआड साखळीनं बांधून ठेवलं होतं. एक लहान कुत्रं आवरत नाही म्हणून शहाणं कुत्रं बांधायचं, ही अक्कल आपल्याच माणसांची.

आणि आवं, त्या खिडकीत बसून मला दुसरं पण कळलं. तेही सांगते. त्या खोलीत कुणीही आलं, कुणी काही बोललं, की मी दाराकडं बघत होते. दारातनं सोप्यातली तुमची खुर्ची दिसते. आण्णा पिकअपचं बोलले तेव्हा मी तिकडंच बघितलं होतं. इतकी वर्षं हेच करत आलेय. लग्न होऊन आले तेव्हा मी किती तापट. सासूबाईंशी वाद झाला, रागानं तवा आपटला, तुम्ही एक शब्द न बोलता तोंड फिरवून वैरण टाकायला गेलात. मी शांत झाल्यावर परत आलात आणि पाणी मागितलंत, जणू काही झालंच नाही. मला वाटायचं, नुसता दगड आहे हा माणूस. मला वाटायचं, वय झालं तशी मीच शहाणी झाले. कसली शहाणी. तुमच्या तोंडाकडं बघून बसायला शिकले होते. तुम्ही माझी ठकी होता, आणि हे तुम्हाला एकदा तरी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही काय म्हणाला असता ते ठाऊक आहे. "कुत्रीशी बरोबरी केलीस व्हय नवऱ्याची?" आणि दिवसभर गालात हसत हिंडला असता.

तेराव्याला अंगणात मांडव, पंगत बसलेली. पिकअप येऊन उभी, मागची फळी उघडी, भांडी उतरवून रिकामी. ड्रायव्हर बांधावर विडी ओढत होता. आण्णांनी त्याला सांगितलेलं मी ऐकलं, जेवून घे, मग कुत्री भरू.

मी उठले. वन्सं म्हणाल्या, "वैनी, कुटं? पंगत बसलीया पुरुषांची."

"आले," म्हटलं.

मागच्या दारानं गेले, कडुलिंबाखाली. ठकी उठून उभी राहिली. साखळीची कडी गंजून बसली होती, बोटाचं नख मोडलं तेव्हा निघाली. ठकीनं अंग झाडलं. पळाली नाही. गोठ्याला वळसा घालून थेट भिंगरीपाशी.

भिंगरी जी उसळली, दोरीनं तिला उलटं पाडलं. पुन्हा उसळली, केकाटली. ठकी दोरी पोचणार नाही इतक्या अंतरावर आडवी उभी राहिली, तोंड दुसरीकडं करून. बघेच ना तिच्याकडं. भिंगरीचा दंगा वाढला तशी एकदाच गुरगुरली, बारीक, घशातल्या घशात. आणि बसली. मी पण थांबले. काही करू नये हे किती अवघड असतं, तेव्हा कळलं. हात नुसते शिवशिवत होते. हळूहळू भिंगरीचा आवाज बसला. मग ती बसली. मग मान पुढच्या पायांवर टाकली.

तोवर आण्णा आणि प्रशांत मागं येऊन उभे. आण्णा म्हणाले, "सुमन, म्हातारीला का सोडलंस? पंगत चाललीया."

मी वाकून भिंगरीची दोरी सोडली. प्रशांत "आई, अगं" म्हणून पुढं झाला. मला ठाऊक होतं, आता एकाच्या जरी पोटरीला दात लागला तर संपलं. कुत्री गाडीत, मी आगगाडीत. तरी सोडली.

भिंगरी सुटली ती थेट अंगणाच्या तोंडाशी. पंगतीतली माणसं हात वर करून सरकली. ठकी तिच्या मागनं पळाली नाही. आपली चालत गेली, पंगत आणि भिंगरी यांच्या मधी जाऊन उभी राहिली, आडवी, कोंबड्यांच्या वेळी राहायची तशी. आणि नेमकं तेव्हाच त्या ड्रायव्हरनं पिकअपची फळी धाडकन लावली. वाढपी दचकला. भिंगरीचे केस उभे राहिले.

तिनं ठकीकडं बघितलं.

ठकीनं फळीकडं एक नजर टाकली, जांभई दिली आणि मांडवाच्या सावलीत जाऊन आडवी झाली. भिंगरी गेली आणि तिच्या पोटाला टेकून बसली.

मग पंगतीतला तुमचा तो म्हातारा सुभेदार मित्र म्हणाला, "वाढा की रं भात." आणि जेवणं पुढं चालू झाली.

आण्णा कितीतरी वेळ कुत्र्यांकडं बघत होते. म्हणाले, "हे त्यानं शिकिवलं?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्यांनी काय न्हाई केलं. नुसतं बघत बसायचे."

आण्णांनी उपरणं डोळ्याला लावलं. पिकअप रिकामी गेली. साखळी आण्णा स्वतः घेऊन गेले, म्हणाले, माझ्याकडं बैल हायत.

प्रशांतला मी सांगितलं, मी येत नाही. तो चिडला, रडला, हितं तुला काही झालं तर मी लांबनं काय करू म्हणाला. त्याचंही खरं आहे. निघताना वाकून पाया पडला आणि म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." आवं, हुबेहूब तुमचा 'बघू'. तुम्ही त्याला एवढंच शिकवलंत वाटतं. या शब्दानं मी तुमच्याबरोबर आयुष्यभर वैतागले, आणि त्या दिवसापासनं त्याच्यावरच जीव टांगून बसलेय. म्हणजे सुटका अजून झालेली नाही. ऊस आहे तिथं आहे. त्याच्या तोडीला अजून वेळ आहे, तोवर घरातनं रस्ता दिसायचा नाही. एका ताटाचा स्वयंपाक मला जमत नाही, उरलेलं कुत्र्यांना जातं आणि सरदार परत आलाय तो त्यामुळंच.

ठकी थकलीय. साखळीत बसल्यापासनं तिचे मागचे पाय आखडले आणि ऐकायलाही कमी येतं. काल दुपारी ती खाटेखाली गाढ झोपली होती. मी तुमच्या खुर्चीत चहा घेऊन बसले होते. होय, तुमच्याच खुर्चीत, समोर ती रिकामी बघवत नाही म्हणून. तर रस्त्यावर मोटरसायकल वळली, अनोळखी आवाज. एकटी बाई मी, कोण असंल? भिंगरी उठली. ठकीकडं बघितलं. ठकी झोपलेली.

मग तिनं मान वळवली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

आवं, तुम्ही हे काय माझ्या गळ्यात घालून गेलात. मी घाबरले होते. मला उठून दार लावून घ्यायचं होतं. मी चहाचा कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि वाटेकडं बघत बसून राहिले. भिंगरी बसली.

चहा मात्र गार झाला होता.